गाव हरवलेल्या संघाचे आप्पा

तळमजल्यावरच्या गिवीकाकांचा फोन ऑफिसच्या वेळेत आला की त्याचं कारण एकच असायचं, मॅच लागत नाहीये. त्यामुळे त्या दुपारी मी हॅलोसुद्धा न म्हणता सांगून टाकलं, की राउटर बंद करा, जरा थांबा आणि परत चालू करा. मग ते म्हणाले, "आप्पा. कॉम, बिटं. कॉम." ये, कृपा करून ये. त्यांचं जर्मन मुळातच मोडकंतोडकं, आणि त्या क्षणी त्यांच्याजवळ तेवढेच शब्द उरले होते. मी बाड हॉम्बुर्गला ऑफिसात, माझा नवरा समीर कंपनीच्या कामासाठी न्युरेम्बर्गला, आणि घर डार्मश्टाटला. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, खिडकीशी बसून मी सबंध वाटभर स्वतःची समजूत घालत होते. शुगर कमी झाली असेल, चक्कर आली असेल, एव्हाना उठून बसलेही असतील आणि 'हिला कशाला बोलावलंसा' म्हणून गिवीकाकांवर खेकसत असतील... घराशी पोचले तेव्हा अँब्युलन्स उभी होती, पण तिच्याजवळच्या कुणालाच घाई नव्हती. मला तिथेच कळलं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. या गोष्टीला आता काही आठवडे उलटले आहेत, तरी 'होते' असं लिहिताना हात अडखळतो. आप्पा कोल्हापूरचे, आणि कोल्हापूरचे म्हणजे पेठेचे. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून ते रिटायर झाले, पण ती नुसती नोकरी. ओळख विचारली तर ते सांगायचे, "लेफ्ट बॅक." कोल्हापूरच्या तालमी कुस्तीच्या, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, दोन पेठांची मॅच असली की सोयरेसंबंध तेवढ्यापुरते बाजूला ठेवले जातात, स्टेडियम अपुरं पडलं की आसपासच्या गच्च्या भरतात, हे मात्र बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. मी पुण्याची. लग्न ठरवायला आले तेव्हा आप्पांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "फुटबॉल बघतीस?" मी म्हटलं, हो, वर्ल्ड कप बघते की. त्यावर त्यांनी माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं आणि म्हणाले, "त्यो न्हवं. खरा."

सासूबाई गेल्यावर समीरने त्यांना दरवर्षी इकडे बोलवायला सुरुवात केली. व्हिसा तीन महिन्यांचा मिळायचा. गणपती उठले की आप्पा यायचे आणि कोल्हापूरचा फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या बेताला परत पळायचे, त्यात कधी एका दिवसाची हयगय झाली नाही. पहिल्या वर्षी इथे त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आला. खाण्यापिण्याची तक्रार नव्हती, थंडीची तर नव्हतीच. "अगं मीनल, हितं माणसं ऱ्हात्यात का न्हाई?" असं मात्र ते रोज एकदा विचारायचे. आमच्या इमारतीत रविवारी कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. जिन्यात भेटलेली माणसं 'हालो' म्हणतात आणि आपापल्या दारात नाहीशी होतात. आमची लेक सई तेव्हा आठवीत. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. आप्पा तिला गोष्ट सांगायला बसले की ती मधेमधे 'या... गेनाऊ... एश्ट?' म्हणजे हो, अगदी, खरंच, असं करायची, आणि आप्पा माझ्याकडे वळून विचारायचे, "ही हुंकार देतीया का नाही म्हणतीया?"

गिवीकाका आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. रशियाला लागून असलेल्या जॉर्जियाचे. सिटी बसच्या गॅरेजात मेकॅनिक होते, आता रिटायर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. इतकी वर्षं एका इमारतीत राहून आमची ओळख 'हालो'च्या पुढे गेलेली नव्हती. ती आप्पांनी एका दुपारीत करून दाखवली. ते मागच्या अंगणात पाय मोकळे करत होते, तेव्हा तळमजल्याच्या उघड्या खिडकीतून एक आवाज आला. मी वर बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, मीही तो ऐकला. मला वाटलं कुणाला तरी लागलं. आप्पांनी मात्र कान टवकारले, खिडकीपाशी गेले आणि आत डोकावून तिथेच उभे राहिले. आत एक माणूस पाठमोरा बसून लॅपटॉपवर फुटबॉलची मॅच बघत होता, आणि त्याच्या संघाने हातातला गोल दवडला होता. "त्या आवाजाला भाषा लागत न्हाई गं," असं आप्पांनी मला नंतर समजावून सांगितलं. कोण खेळतंय, कुठे खेळतंय, काही ठाऊक नसताना ते त्या परक्या माणसाच्या खांद्यावरून अर्धा तास मॅच बघत उभे होते. गिवीकाकांना पत्ताच नव्हता. शेवटी गोलपोस्टसमोर कुणीतरी चेंडू घोळवत बसला आणि आप्पांना राहवलं नाही. "आरं मार की भाड्या!"

गिवीकाका खुर्चीतून उडाले. मी बाल्कनीतून "अहो आप्पा!" म्हणून ओरडले आणि जिन्याकडे धावले, कारण इथे दुसऱ्याच्या खिडकीत डोकावणं हा काही विनोद नाही, पोलीस येतात. खाली पोचले तर गिवीकाका एक लाकडी खुर्ची खिडकीतून बाहेर आप्पांच्या हातात देत होते. त्यानंतर कायमची तीच पद्धत पडली. हवा बरी असली की गिवीकाका आत, आप्पा खिडकीबाहेर खुर्ची टाकून अंगणात, आणि लॅपटॉप मधे खिडकीच्या कट्ट्यावर. दाराने आत ये, असं गिवीकाका पुष्कळ म्हणायचे. आप्पा म्हणायचे, ग्राउंडवर बसल्यासारखं वाटतं, राहू दे.

दुभाषी म्हणून सईची नेमणूक झाली. तिला आधी कंटाळा यायचा, मग आवडायला लागलं. आप्पांचा पहिला प्रश्न अर्थातच, हा संघ कुठल्या पेठेचा? सईने तो गिवीकाकांना विचारला, बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आप्पा, एर झाग्ट... म्हणजे ते म्हणतात, ते गाव आता वेग आहे. वेग म्हणजे, गेलं."

"गेलं म्हंजे? पुरात?"

"नाइन. क्रीगमध्ये. वॉर."

समुद्रकाठचं गाव होतं. नव्वदच्या दशकातल्या लढाईत ते देशातून फुटून निघालेल्या लोकांच्या ताब्यात गेलं, गिवीकाकांसारखे हजारो लोक बर्फातून डोंगर ओलांडून नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडले, आणि आजतागायत त्यांना परत जाता आलेलं नाही. गावाचा फुटबॉल संघही असाच बाहेर पडला. तो आता राजधानीत, तिबिलिसीत, दुसऱ्याच्या मैदानावर खेळतो. नाव गावाचं, पोरं राजधानीत जन्मलेली. त्यांनी ते गाव फक्त आजीच्या तोंडून ऐकलेलं. संघ लहान, कधी वरच्या वर्गात, बहुतेकदा खालच्या. सई सांगत होती आणि आप्पा गिवीकाकांकडे बघत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे पेठ गेली, तालीम ऱ्हायली." सईला याचं जर्मन करता येईना. पण गिवीकाकांनी ते विचारलंही नाही, त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्या दिवसापासून आप्पा त्या संघाचे झाले. त्यांचं झपाटलेपण मला नवीन नव्हतं, पण ते जॉर्जियाच्या फुटबॉलला लागेल असं कुणाला वाटलं असतं! महिन्याभरात त्यांनी तिकडच्या सगळ्या संघांची कोल्हापुरी मांडणी करून टाकली. बातुमी समुद्रावर, पाऊस फार, म्हणजे रत्नागिरी. कुतैसी म्हणजे सांगली, माणसं चांगली पण आपल्याशी खुन्नस. पोती म्हणजे बंदर, तिथली पोरं धिप्पाड, आडवी येतात. आणि तिबिलिसीतला मोठा, श्रीमंत, सगळ्यांत जास्त वेळा कप उचललेला संघ म्हणजे पुणे. "सगळं मलाच मिळाय पायजे म्हणणारी माणसं," हे माझ्याकडे बघून. लीगपेक्षा त्यांना राष्ट्रीय कपाची स्पर्धा प्यारी. त्यात खालच्या वर्गातला, खेड्यातला संघसुद्धा चिठ्ठी निघाली तर राजधानीच्या बड्या संघासमोर उभा राहतो आणि एका दुपारीत निकाल लागतो. "लीग म्हंजे संसार. कप म्हंजे जत्रा," असं ते म्हणत.

गिवीकाकांच्या टेबलावर जेवणं सुरू झाली ती ओघानेच. चीज भरलेली गरम भाकरी, अक्रोडाचं वाटण लावलेली वांगी. आप्पांनी वांगं खाऊन निकाल दिला, "शेंगदाण्याच्या जागी आक्रोड घालत्यात. माणसं तालेवार दिसत्यात." जॉर्जियात जेवण म्हणजे नुसतं जेवण नसतं. एकाने उठून एकेका गोष्टीच्या नावाने पेला उचलायचा, दोन शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी प्यायचं. देवाच्या नावाने, आईवडिलांच्या, पाहुण्यांच्या, गेलेल्या माणसांच्या. आप्पा दारूला शिवत नसत. त्यांनी सुपरमार्केटमधून माल्झबिअर शोधून काढली. ती इथे लहान मुलंसुद्धा पितात, गोड असते आणि तिच्यात दारू नसते. एका कपच्या सामन्याला ते ती बाटली घेऊन खाली गेले, शिकवल्याप्रमाणे उभे राहिले, बाटली उंचावली आणि गिवीकाकांच्या संघाचं नाव घेऊन दणक्यात "गाउमार्जोस!" म्हणाले. विजय असो. गिवीकाका पांढरेफटक. त्यांनी बाटलीला हात घातला, पण आप्पांनी घोट घेतलेला होता. संघ त्या दिवशी तीन गोल खाऊन बाहेर पडला. मग सईकडून उलगडा झाला, की बिअरने फक्त दुश्मनाचं नाव घ्यायचं असतं. ज्याचं वाटोळं व्हावं त्याचं.

"मग आधी न्हाई सांगायचं?" आप्पा दोन दिवस स्वतःवर चरफडत होते. पुढच्या सामन्यापासून त्यांनी नेम धरला. मॅच सुरू व्हायच्या आधी माल्झबिअर उघडायची आणि समोरच्या संघाला तोंड भरून शुभेच्छा द्यायच्या. कुतैसीला, पोतीला, 'पुण्याला' तर दोनदा.

परत कोल्हापूरला गेल्यावरही त्यांनी यात खंड पडू दिला नाही. लॅपटॉपवर मॅच लावून देण्याचं समीरने शंभरदा शिकवलं, पण त्यांना ते जमेना. मग गिवीकाका डार्मश्टाटमध्ये आपल्या लॅपटॉपसमोर फोन धरून बसायचे आणि आप्पा कोल्हापुरात त्या फोनमधल्या लॅपटॉपमधली मॅच बघायचे. चेंडू काही दिसत नसणार, तरी बघायचे. याची परतफेड म्हणून पेठेची मॅच असली की ते स्टेडियममधून फोन उंच धरायचे, आणि गिवीकाका आपल्या खोलीत बसून कोल्हापूरचा कल्लोळ ऐकायचे. एकदा मी काही द्यायला खाली गेले तर ते डोळे मिटून बसले होते. फोनमधून ढोल, शिट्ट्या, आणि कुणीतरी रेफरीचा उद्धार करत होतं. मला म्हणाले, "आमच्याकडे समुद्राजवळचं मैदान होतं. असाच आवाज यायचा." त्यांना शब्द एकही कळत नव्हता, पण त्या दिवसापासून आप्पांच्या पेठेची मॅच त्यांनी चुकवली नाही.

गिवीकाका देश सोडल्यापासून जॉर्जियात एकदाही गेलेले नव्हते. जर्मन पासपोर्ट आहे, विमानाचं तिकीट परवडतं, तिबिलिसीत गावाकडची पुष्कळ माणसं राहतात. तरी नाही. का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आपल्याच देशात जाऊन हॉटेलात उतरायचं? दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून बसायचं? ज्याचं घर पलीकडे दिसतं पण उघडता येत नाही, त्याने कुठल्या तोंडाने जायचं? आप्पांनी ऐकून घेतलं. ते वाद घालायचे तेव्हा मोठ्याने घालायचे, पण मनातली गोष्ट पटवायची असली की आवाज खाली यायचा. सईला म्हणाले, "त्येला सांग, मला जॉर्जिया बघायचाय. मी पाव्हणा. मला घिऊन जाणारा त्यो. म्हंजे यजमान कोण झाला?" जॉर्जियन माणसाला पाहुणा म्हणजे देवाने पाठवलेला, हे आप्पांनी बरोबर हेरलं होतं. गिवीकाका अट घालून मोकळे झाले... संघ कपच्या फायनलला गेला तर. त्यांना वाटलं असणार, ते काही व्हायचं नाही. आप्पांनी हात पुढे केला. त्या हातात हात देताना गिवीकाका हसत होते, आप्पा अजिबात हसत नव्हते.

यंदा ते आले तेव्हा संघ उपांत्यपूर्व फेरीत होता. असं आप्पा येऊ लागल्यापासून झालेलं नव्हतं. समोर कुतैसीचा तगडा संघ. नव्वद मिनिटं बरोबरी, मग जादा वेळ, मग पेनल्टी. मी आणि सई दोघी खाली अंगणात. शेवटची पेनल्टी आत गेली आणि आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली. घरच्या गणपतीचा गुलाल उरलेला, तो ते कोल्हापूरहून येताना बरोबर घेऊन आले होते! जिंकल्यावर गुलाल उधळायचा असतो, आणि आमच्या इमारतीचा जिना पांढराशुभ्र असतो, या दोन गोष्टींची गाठ पडायला वेळ लागला नाही. गिवीकाकांना माखून झालं, दार माखून झालं, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई खरेदी करून आत शिरल्या तेव्हा त्या जागच्या जागी थिजल्या. त्यांना वाटलं खून पडला. दोघे म्हातारे लगेच बादली घेऊन पुसायला लागले. पाणी लागल्यावर गुलालाचं काय होतं, हे हयात पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला कळू नये! अख्खी भिंत गुलाबी झाली. हाउसफरवाल्टुंगचा, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा, माणूस बघून गेला आणि रंगकाम आमच्या गळ्यात पडलं. समीर तडकून बोलायला गेला, तर आप्पा म्हणाले, "बोल, बोल. तिबिलिसीला गेल्यावर कोण बोलणार हाय?"

त्या दिवसांत ते फार आनंदात होते. मला एवढंच वाटत राहतं, की ते दिवस आणखी थोडे असायला हवे होते. गिवीकाकांना त्यांनी प्रश्नांनी भंडावून सोडलं होतं, तिथे थंडी किती, चप्पल चालेल का, तुझ्या गावची माणसं स्टेडियमात कुठल्या बाजूला बसतात. 'मला ओळखणारं आता कोण असेल,' असं गिवीकाका म्हणाले की ते म्हणायचे, "मी वळख करून देतो की." जॉर्जियात, जॉर्जियन माणसाची! आणि मग ती दुपार आली. मॅच नव्हती. चांगलं ऊन पडलं म्हणून आप्पा खाली गेले, आपल्या खुर्चीत टेकले. गिवीकाका आत चहा करायला गेले, बाहेर येऊन पाहतात तो आप्पांची मान कलती झालेली. त्यांना वाटलं डुलकी लागली. चहा कट्ट्यावर ठेवून ते थोडा वेळ गप्प बसूनही राहिले, झोपमोड नको म्हणून... डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. डॉक्टरांना काय, ते तसंच म्हणतात. पण गिवीकाका म्हणाले, चेहरा ऊन खाणाऱ्या माणसाचा होता, आणि त्यावर माझा विश्वास आहे.

मृत्यूनंतरची जर्मनी फार नीटनेटकी असते. सगळे कागद वेळेवर होतात, सगळे हळू आवाजात बोलतात. तेरावा आम्ही घरीच केला. पुण्याचे गुरुजी स्क्रीनवर होते, फ्रँकफुर्ट आणि आसपासची आपली मराठी मंडळी आली होती, जमेल तसं सगळं रीतीने झालं. गिवीकाका काळा कोट घालून आले, कोटाखाली वाइनची बाटली. पंगतीत बसले, वरणभात नीट जेवले, आणि सगळ्यांचं होत आलं तसे पेला भरून उभे राहिले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेराव्याच्या पंगतीत वाइन! कुणीतरी समीरला कोपराने ढोसलं. गिवीकाका म्हणाले, "आप्पा..." आणि थांबले. या टेबलाशी आपल्या पाठोपाठ पेला उचलणारं कुणीही नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला. मी उठून काहीतरी करायच्या आत ते बसलेही होते. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव एकट्याने घ्यायचं नसतं, मीनल. टेबल लागतं."

उपांत्य सामना झाला तेव्हा मी मुद्दाम सुट्टी घेऊन खाली गेले. बाहेरच्या खुर्चीवर मला बसवेना, मी आत जाऊन बसले. संघ एका गोलने जिंकला. त्यांच्या इतिहासात क्वचित घडणारी गोष्ट, फायनल! आणि आम्ही दोघं नुसते स्क्रीनकडे बघत राहिलो. सई शाळेतून पळतच आली. "गिवी, फेअर्स्ट दु?" जाणार ना तुम्ही? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पाहुणाच नाही, तर यजमान कसला. सईचे डोळे भरले. ती आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत भांडली. "आप्पांनी हात दिला होता! तुम्ही पण दिला होता!" त्यांना ते कळलं नसणार, आणि कळलंही असणार. ते आम्हाला दारापर्यंत पोचवायला आले नाहीत.

आम्ही समजलो, विषय संपला. समीर अस्थी घेऊन कोल्हापूरला गेला. घरात मी आणि सई, आणि ती शांतता, जिला आप्पा इतकी नावं ठेवायचे. मी जिना चढताना अजून कान देते. ते शिट्टी वाजवत उतरायचे, आणि इमारतीतल्या लोकांनी त्यावरही तक्रार केली होती. आता कुणाची काही तक्रार नाही. एवढ्यात एका सकाळी बेल वाजली. दारात गिवीकाका, दाढी केलेली, तोच काळा कोट, हातात बॅग. म्हणाले, "आल्झो. तर मग, मी जातोय." मी विचारलं, मग पाहुण्याचं काय? तर म्हणाले, "पाहुण्याचं काम अर्धं राहिलंय. त्याचं नाव घ्यायचं आहे. तिकडे टेबल आहे." घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

फायनल मी आणि सईने आमच्याच घरी लॅपटॉपवर पाहिली. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला की सई स्क्रीनला नाक लावायची, पण एवढ्या गर्दीत एक म्हातारा कसा सापडणार. संघ हरला. चांगला खेळून हरला, असं म्हणायची पद्धत आहे, पण आप्पांनी ते चालवून घेतलं नसतं. लेफ्ट बॅक सारखा जागा सोडून पुढे पळत होता, हे मलासुद्धा दिसत होतं. मी दिवे लावले, कुकर चढवला, आणि फोन वाजला. पलीकडे असा काही गदारोळ की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. गाणी, भांडी, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, पन्नास माणसं एकाच वेळी बोलत असलेली. तो आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून गेलं, "आप्पा, या लवकर!" सईने माझ्याकडे पाहिलं.

गिवीकाका ओरडून बोलत होते. सगळे आपल्या गावचे. हॉल भरलाय. हरलो, पण जेवण आधीच सांगून ठेवलं होतं, मग काय करणार! त्यांच्या गल्लीतला बेकरीवाल्याचा मुलगा भेटला, आता त्यालाही नातवंडं आहेत. त्याने लांबूनच ओळखलं आणि त्यांना त्यांच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. ते नाव त्यांनी मला सांगितलं नाही. मग म्हणाले, "आता थांब. फोन ठेवू नकोस." आणि त्यांचा आवाज लांब गेला, उभं राहून बोलणाऱ्या माणसासारखा झाला. जॉर्जियनमध्ये ते पुष्कळ काही बोलले. मला त्यातलं 'आप्पा' कळलं, 'कोल्हापूर' कळलं, पुन्हा 'आप्पा'.

आणि सगळा आवाज बंद झाला. लाइन कटली असं वाटून मी स्क्रीन पाहिली, फोन चालू होता. गेलेल्या माणसासाठी पेले एकमेकांना टेकवत नाहीत, उभं राहून आवाज न करता पितात, हे गिवीकाकांनीच कधीतरी सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. म्हणजे तिकडे ते सगळे उभे होते. ज्यांचं गाव हातचं गेलं आहे ती पन्नास माणसं, त्यांनी कधी न पाहिलेल्या पेठेतल्या एका लेफ्ट बॅकसाठी उभी होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि आप्पांच्या खोलीचं दार उघडलं. त्यांच्या पलंगावर त्यांची घडी घातलेली शाल होती, तिच्यावर फोन ठेवला. मी आणि सई पलंगाशी उभ्या राहिलो. इतके दिवस मला त्या खोलीतली शांतता सोसवत नव्हती. त्या क्षणी ती तिकडच्या शांततेत मिसळून गेली आणि कुठली कुणाची ते कळेना. मग तिकडे कुणीतरी खुर्ची ओढली, कुणीतरी खाकरलं, भांडी वाजली, आणि बघता बघता सगळा दंगा परत सुरू झाला. आम्ही तो आप्पांच्या खोलीत तसाच वाजू दिला.